नवव्या हिश्शाची घोडी

कर्वेनगरात राहायची एक आजी, एक तिची नात मुक्ता आणि मुक्तानं हौसेनं जमवलेले कपाटभर खेळण्यातले घोडे. आजी म्हणजे मीच बरं का! मुक्ता नोकरीला बेंगळुरूला गेली, आणि घरात मी नि घोडेच उरलो.

एकदा धूळ पुसताना कोपऱ्यात एक शिंगरू दिसलं, एकटंच. मला बघवेना. उचललं आणि मोठ्या घोडीच्या पोटाशी नेऊन ठेवलं. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मुक्ताला कौतुकानं दाखवलं.

"अगं आजी, ते पिल्लू नाहीये! पूर्ण वाढलेला घोडा आहे तो. फक्त स्केल वेगळं."

"म्हणजे काय?"

"घोडी खऱ्याच्या नवव्या हिश्शाची केलीय, हा बत्तिसाव्या. खरे असते तर दोघं एकाच उंचीचे."

"म्हणजे आत्ता तू फोनवर अंगठ्याएवढी दिसतेस, तसं?"

ती हसली नाही. म्हणाली, "जेवलीस का गं?"

"एकटीसाठी काय कुकर लावायचा? घोडे भात खात नाहीत."

फोन बंद झाला. घोडीजवळून त्याला मी काही हलवलं नाही.

गेल्या महिन्यात बेल वाजली. दारात मुक्ता, दोन मोठाल्या बॅगा घेऊन.

"पुण्याला बदली मागून घेतली, आजी. आता इथंच."

भाकरतुकडा ओवाळताना माझा हात तिच्या डोक्यापर्यंत पोचेना.

"काय गं, हे कुठलं स्केल?"

"एकास एक. आता कुकर लाव, भूक लागलीय."