वहिनीचे मिटलेले डोळे

डोळ्यांखालच्या पिशव्यांवरून आठवलं. आमची निर्मळ गावची वहिनी लहानपणापासून रोज पहाटे उठून मोगरा खुडणारी. लेकीचं लग्न ठरलं, तसा तिने हट्टच धरला, "भावजी, ऑपरेशन करून या पिशव्या काढूनच घेते."

मीच तिला स्कूटरवरून वसईला डॉक्टरांकडे नेलं. पूर्वी कशी दिसायची ते बघायला डॉक्टरांनी जुने फोटो मागवले होते. लग्न, बारसं, चिंचोटीचा धबधबा... सगळ्या फोटोंत वहिनीचे डोळे मिटलेले! लग्नात तर हातात हार धरून उभ्या उभ्या पेंगलेली.

डॉक्टर हसत तिच्याकडे वळले. वहिनी खुर्चीतच झोपली होती. खोलीभर मोगऱ्याचा वास.

डॉक्टर माझ्या कानात म्हणाले, "पंखा वाढवा. बाहेर कोणी विचारलं तर सांगा, ऑपरेशन चालू आहे."