गोष्टी वाचणारी आई

लेक : विषय बदलू नकोस, आई. दादा म्हणाला, मी पाठवते त्यातला एक पैसाही तू बँकेतून काढलेला नाहीस. डॉक्टरांनी दिलेली तारीखही गेली म्हणे.

आई : गुडघे माझे दुखतात की त्याचे? चुगल्या करायला वेळ आहे, तर चार गठ्ठे घरोघर पोचवून ये म्हणावं.

लेक : दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं आपलं. त्यासाठीच तर मी इतक्या लांब येऊन इंग्रजी शिकवतेय. आणि तू अजून दिवसभर उभी राहून इस्त्री करतेस.

आई : बसून कुणाला जमलीय का? तू जेवलीस?

लेक : जेवले. पैसे का काढले नाहीस?

आई : काढीन. कुठं पळून चाललेत?

लेक : भीती वाटते का ऑपरेशनची?

आई : तुला जन्माला घालताना घाबरले नाही, आता गुडघ्याला घाबरू?

लेक : मग काय झालंय?

आई : तुझा तो व्हिडिओ बघितला.

लेक : कुठला?

आई : तुझ्या शाळेच्या जाहिरातीतला. पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसली आहेस. कॉलर अशी झक्क उभी. म्हटलं, पोरगी परदेशात गेली तरी इस्त्री विसरली नाही.

लेक : तो तुला कुणी दाखवला?

आई : दादानं. आईला बरं वाटेल म्हणून. वाटलंच की. आठवडाभर, जो कपडे न्यायला येईल त्याला दाखवत होते. बँकेतल्या बाई, मेडिकलवाला, वरच्या मजल्यावरचे वकील. बघा, ही आमची, कशी फाडफाड बोलते. ते बघायचे, छान बोलते हं म्हणायचे आणि गठ्ठा उचलून घाईघाईनं निघायचे. मला वाटायचं, कामाची माणसं, असेल गडबड.

लेक : आई...

आई : थांब, सांगू दे. मग शाळेतले मास्तर आले कपडे न्यायला. त्यांना म्हटलं, रोज ऐकते पण कळत काही नाही, अर्थ सांगा. ते म्हणाले, शाळेबद्दल चांगलं बोलतेय. मी म्हटलं, मास्तर, त्यात मदर मदर येतंय, तेवढं मलाही कळतं. आज अर्थ सांगितल्याशिवाय गठ्ठा मिळायचा नाही.

लेक : काय सांगितलं त्यांनी?

आई : ते जाऊ दे. तू सांग. बोलली आहेस तू.

लेक : फोनवर नको ना.

आई : फोनवरच बरं. मास्तरांना माझ्यासमोर खाली मान घालून सांगावं लागलं. तुला मी दिसत तरी नाही.

लेक : मी म्हटलं, आमच्या घरी सगळे इंग्रजीच बोलायचे.

आई : पुढं?

लेक : आई रोज झोपताना मला जवळ घेऊन इंग्रजी गोष्टी वाचून दाखवायची. माझं इंग्रजी ही तिची देणगी आहे.

(इस्त्री उभी ठेवल्याचा आवाज.)

आई : मास्तरांनी अगदी हेच सांगितलं. भला माणूस. उगीच अडवून धरलं त्याला.

लेक : ते माझ्या मनातलं नव्हतं गं. शाळेच्या मालकीणबाईंनी लिहून दिलं होतं. लहानपणापासून घरात इंग्रजी असलेल्या टीचरला मोठा वर्ग देतात, पगार दुप्पट. नाहीतर मदतनीस. खुर्च्या मांडायच्या, पोरांची नाकं पुसायची. आल्यावर काही महिने मी तेच करत होते. तुला सांगितलं नव्हतं. लाज वाटली.

आई : नाकं पुसायची लाज वाटली, आणि हे बोलायची नाही वाटली?

लेक : वाटली. तेव्हाही वाटली आणि आताही वाटतेय. आई, तू मला शिव्या दे.

आई : शिव्या कशाला देऊ? मला राग नाही आला. माझीच लाज वाटली. ज्यांना ज्यांना दाखवलं, त्यांना सगळ्यांना कळत होतं, आणि मी मधे उभी राहून हसत होते. मग वाटलं, खरंच की, पोरीला एक गोष्ट कधी वाचून दाखवली नाही. तू जवळ यायचीस तर मी म्हणायचे, लांब हो, चटका बसेल.

लेक : असं नको बोलूस.

आई : आणि हे पैसे मिळतात ते त्या गोष्टी वाचणाऱ्या आईमुळं. मग त्यातून माझे गुडघे कसे करून घेऊ? तिचे दुखत असतील तर तिनं करून घ्यावेत.

लेक : तू मला टेबलाखाली बसवून मोठ्यानं वाच म्हणायचीस, ते विसरलीस? इस्त्री चालू असायची आणि मी खाली वाचत असायचे.

आई : वाचत कसली होतीस. महिनाभर एकच धडा.

लेक : तुला कळलं होतं?

आई : बहिरी होते का मी? रोज तेच ऐकून मलाही पाठ झाला असता.

लेक : मग बोलली का नाहीस? उलट रोज शाबास म्हणायचीस.

आई : म्हटलं, एक तरी पक्का होऊ दे. दुसरा येत नसेल तर कुणाला विचारणार होतीस? मला? मग तुलाही वाईट वाटलं असतं आणि मलाही.

लेक : आई, अजून एक आहे. ते मास्तरांनाही माहीत नाही.

आई : आता आणखी काय?

लेक : माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई हॉटेलात भांडी घासते. मुलीकडून त्या व्हिडिओचा अर्थ समजून घेऊन मला भेटायला आली. इंग्रजी येत नाही, म्हणून बोलायला मुलीलाच सोबत आणलं. तिनं विचारलं, मी हिला वाचून दाखवू शकत नाही, तर माझ्यामुळं ही मागं पडेल का?

आई : तू काय म्हणालीस?

लेक : म्हटलं, थोडं थोडं शिका तुम्ही. अजून वेळ गेलेली नाही.

आई : आणि ती?

लेक : थँक्यू म्हणाली. तेवढंच येत होतं. हात एकमेकांत घट्ट धरले होते तिनं. मुलगी सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती.

आई : हे मात्र वाईट केलंस.

लेक : माहीत आहे.

आई : माझं सोड, मी इकडं लांब आहे. पण त्या पोरीला तू आईची लाज बाळगायला शिकवलंस. इंग्रजी नंतर येईल, हे आधी आलं.

लेक : उद्या ती मुलीला न्यायला येईल. तिला खरं सांगणार आहे. मुलीसमोर.

आई : काय सांगशील?

लेक : की माझी आई इस्त्री करते. तिला इंग्रजी येत नाही. मी महिनाभर एकच धडा वाचला आणि तिनं महिनाभर ऐकून घेतला.

आई : झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बये. उघडलीस की मालकीणबाईंच्या कानावर जाणारच.

लेक : त्यांनाही मीच सांगणार. तो व्हिडिओ काढून टाका म्हणणार.

आई : हाकलून देतील?

लेक : नाही देणार. मदतनीस मिळत नाहीत त्यांना. परत खालच्या वर्गावर टाकतील. पगार निम्मा.

आई : परत नाकं पुसायची.

लेक : पुसेन.

आई : रुमाल जास्तीचे ठेव जवळ.

लेक : मग मी पाठवलेले काढशील ना? बँकेत आहेत त्यांचं काय ते तू ठरव. पण यापुढचे?

आई : निम्म्यात दोन गुडघे व्हायचे नाहीत.

लेक : नाही होणार. एक होईल. तोही साठायला वेळ लागेल.

आई : लागू दे. दादाला सांगते डॉक्टरांना विचारून यायला. एकच करायचा म्हणून.

लेक : कुठला?

आई : डावा. इस्त्री करताना भार त्याच्यावरच येतो.