मूळ गावात एकच

रहाटणीच्या कोपऱ्यावर आम्ही दुसऱ्या शिफ्टच्या चाकणच्या बसची वाट बघत होतो. पुढे रंगनाथभाऊ मोबाइलवर राज्य वसवायचा गेम खेळत होते. शेजारी उभा तुषार त्यांना शिकवत होता.

"सुरुवातीलाच किती गावं वसवली, भाऊ?"

"तीन. तूच म्हणलास, दुसऱ्यानं जागा धरायच्या आत माणसं पाठवा."

"लागोपाठ नाही म्हणलो. तिकडं पाठवलेली माणसं मूळ गावातनं कमी होतात."

"वाढतील की परत."

"पिकवायला कुणीतरी पाहिजे ना. बघा, मूळ गावात एकच माणूस उरलंय."

"थांब, मायचा फोन आला. गेम झाकला सगळा."

"उचला ना मग."

"उचलला की विचारती, गावाकडं कोण येणार म्हणून. एक भाऊ भोसरीला, एक माणला, मी हितं. काय सांगू?"

"त्यांच्याजवळ कोण असतं?"

"कुणी नाही. झाली रिंग बंद. हां, आता सांग, मूळ गाव वाढवायचं कसं?"

"आता नाही वाढत, भाऊ. नवा डाव मांडा."

"मग त्या एकाचं?"

"काही नाही. डाव संपेपर्यंत तिथंच राहतं."