लिंबाएवढे गोळे

माझा जन्म कुडाळच्या आतल्या अंगाचा, भातशेतीच्या गावातला. मुलीने सातवीची फायनल परीक्षा द्यावी हा हट्ट माझ्या वडिलांचा, आणि मी ती दिली, आणि लोकल बोर्डाच्या शाळेत नोकरी लागली, आणि लग्न झाल्यावर बदली मागून घेऊन मी या खाडीकाठच्या गावात आले. तेव्हापासून गाव मला मास्तरीण म्हणतं. आमचे हे भजनीबुवा. घरची थोडी जमीन, दहाबारा माड, पण त्यांची खरी ओळख गळ्याची. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर त्या गळ्याविषयी आमच्या घरात आता बोलणं निघत नाही.

आमच्या देवळात कार्तिक सरता सरता, नवा तांदूळ घरात आला की शिरवाळ्यांचा उत्सव असतो. शिरवाळे तुम्ही खाल्ले असतील, तरी क्रमाने सांगते, कारण पुढचं सगळं या क्रमावर उभं आहे. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, मळायची, तिचे पेरूएवढे गोळे वळायचे, ते उकळत्या पाण्यात शिजवायचे, आणि कढत असतानाच लाकडी साच्यात घालून वरचा दांडा दाबायचा. खाली पांढऱ्या शेवया पडतात, त्या नारळाच्या गोड रसातून खायच्या. गोळा निवला की दगड होतो, दांडा खाली जात नाही, आणि शेवयांचा चुरा पडतो. एवढं ध्यानात ठेवा.

आता आमच्या गावची रीत. गाण्याशिवाय दांडा दाबायचा नाही. पहिला गोळा साच्यात पडला की बुवांनी अभंग धरायचा, पखवाज आणि टाळ त्यामागे, आणि शेवटचा गोळा उतरेपर्यंत गाणं तुटू द्यायचं नाही. दांड्यावरच्या बायकांचे हात त्या तालावर चालतात. गाणं तुटलं तर त्या शेवया नैवेद्याला चालत नाहीत, पंगत बसत नाही, सगळा गाव उपाशी घरी जातो. मुख्य आवाजाचा मान आमच्या घराचा, आणि ज्याने सुरुवात केली त्यानेच संपवायचं, मध्ये दुसऱ्याने उचलायचं नाही. ही रीत कोणी घातली, का घातली, मला सांगता यायचं नाही. मी वर्गात मुलांना प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायला शिकवलं, पण देवळात मी कधी विचारलं नाही.

गोवा मुक्त झाला त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. चतुर्थीत घरोघर आरत्या आणि भजनं करून यांचा आवाज बसला, तो पितृपक्ष गेला, नवरात्र गेलं, तरी उघडेना. मालवणच्या डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला आणि म्हणाले, बुवा, वर्षभर गाऊ नका, गायलात तर पुढचं मी सांगू शकत नाही. येताना होडीतून धक्क्यावर उतरल्यावर हे म्हणाले, ह्या कोणाक सांगू नको हां. मी म्हटलं, यंदा तुमच्या चुलतभावाला, बाबलला, उभं करू. तर म्हणाले, यंदाचो उत्सव माझो, फुडचो देवाचो.

काय सांगू तुम्हाला, मी किती तऱ्हांनी विनवलं. शेवटी विनवणं सोडलं आणि माझ्या सवयीप्रमाणे हिशेबाला बसले. गाणं थांबवता येत नसेल तर काम तरी लवकर संपवावं. गोळे वळण्याचं काम माझ्याकडे असे, कारण माझे गोळे एकसारखे. मी घरी मूठभर उकड घेऊन प्रयोग केला. मोठा गोळा दाबायला बळ लागतं, दांडा तीनतीनदा उचलावा लागतो. लिंबाएवढा गोळा एका दाबात उतरतो. तेवढ्याच पिठाचे मी दोन्ही तऱ्हेने शिरवाळे केले, आणि लहान गोळ्यांनी खरोखरच वेळ कमी लागला. दोनदा करून पाहिलं. माझी खात्री झाली.

उत्सवाच्या सकाळी थोरल्या जाऊबाई, गंगावहिनी, दांड्यावर होत्या. परात पाहून म्हणाल्या, गो मास्तरणी, ह्ये गोळे काय शाळेतल्या पोरांका खेळूक केलंस? बायका हसल्या, मीही हसले. पहिला गोळा पडला आणि यांनी अभंग धरला. आवाज खरखरीत होता, पण होता.

आठदहा गोळे बरे उतरले. मग दांडा अडायला लागला. माझ्या घरात चूल आणि साचा हातभर अंतरावर, म्हणून माझा प्रयोग खरा ठरला होता. देवळात चूल मागच्या पडवीत आणि साचा सभामंडपात, मध्ये वीसपंचवीस पावलं, आणि खाडीवरून सकाळचा गार वारा. पेरूएवढा गोळा तेवढ्यात ऊब धरून राहतो, लिंबाएवढा राहत नाही. तिसरीतल्या मुलाला कळेल अशी गोष्ट, आणि ती मला तिथे, तो दांडा अडलेला पाहून कळली. निवलेले गोळे परत पाण्यात, परत साच्यात. जे काम घटकेत व्हायचं ते दुपारपर्यंत लांबलं, आणि तेवढा वेळ हे गात राहिले.

मी थांबा म्हणू शकत नव्हते. थांबा म्हटलं तर नैवेद्य मोडला, गाव उपाशी, यांचा मान गेला, आणि जे लपवायचं ते उघडं. न म्हणावं तर डोळ्यांदेखत गळा जात होता. मी गोळे नेत राहिले, पदराखाली झाकून नेले, धावत नेले, पण वळलेला गोळा मोठा होत नाही. पाचसहा गोळे उरले असताना यांचा आवाज गेला. ओठ हलत होते, मान तालावर होती, आवाज नव्हता. पखवाजी समजला. त्याने हात जड केला, टाळकऱ्यांनी ध्रुवपद उचलून धरलं, आणि शेवटचा गोळा तसाच उतरला. देवळाच्या मानकऱ्यांनी कळूनही खाली पाहिलं आणि नैवेद्य दाखवला. पंगत बसली. लोकांनी चुरा रसात कालवून खाल्ला.

आवाज परत आला नाही. आज सहासात वर्षं झाली, हे कुजबुजतात तेवढंच. मान बाबलकडे गेला.

ती गोळ्यांची गोष्ट मी यांना सांगितली नव्हती. गेल्या पावसाळ्यात, मुलांच्या पाट्या तपासताना, का कोण जाणे, सगळी सांगितली. प्रयोग, अंतर, वारा, सगळं क्रमाने. हे ऐकून घेत होते. मग जवळ येऊन म्हणाले, माका परात दिसत होती गो. मी विचारलं, मग थांबला का नाहीत. म्हणाले, थांबलंय असतंय तर गावान, गोळे कोणी केले, ह्या इचारल्यान असता.

मी पुढची पाटी घेतली. दुसरं काय करणार होते, सांगा तुम्ही. मी त्यांचा गळा वाचवायला गेले, ते माझं नाव वाचवायला बसले, आणि यातलं काही आता पुसून परत लिहिता येत नाही.

उत्सव होतो. चूल तिथेच, साचा तिथेच, मी एकदा सुचवून पाहिलं, देवळाची चूल हलवत नाहीत, असं मानकरी म्हणाले. हे टाळ घेऊन पुढे बसतात. बाबल बरा गातो, पण गेल्या वर्षी मधेच खोकला, दोनदा, मी ऐकलं. घरी येऊन कोणाला सांगितलं नाही. देवळात जाते तेव्हा एवढंच म्हणते, बा देवा म्हाराजा, ह्या बाबलाचो गळो तरी राख.