समर्थची शिडी मी धरली तेव्हा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष सरपंच विजयाताई, व्यासपीठावर बसलेले आमचे नृसिंह गुरुजी, सत्कारमूर्ती समर्थ, त्याची आई मालनकाकू, आणि कामंधामं टाकून आलेल्या तिसगावकर मंडळींनो, या सुनीलचा आपणा सर्वांना नमस्कार.

मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. गुरुजी हसतायत, म्हणजे त्यांना आठवतंय. कागदावर लिहून आणलंय, तरी वाकडंतिकडं होणारच.

समर्थ परवा मस्कतला चालला, सेफ्टी सुपरवायझर म्हणून. स्टँडवर त्याचा बॅनर लागलाय, आपण पाहिलाच असेल. फोटोत त्याच्या खांद्यावर एक हात दिसतो. तो माझा. बाकीचा मी कापला गेलो. तक्रार नाही, बॅनरवर जागा तरी किती असते?

गुजरातेत आम्ही दोघांनी सात वर्षं एका शिडीवर काम केलं. कारखान्यांच्या शेडवर पत्रे बसवायचे. मी वर, तो खाली शिडी धरून. माझ्याइतका चपळ माणूस साइटवर नाही, हे समर्थही नाकारणार नाही. तो मात्र आधी शिडीचे रबरी पाय तपासणार, चार फूट उंचीला एक फूट पाय भिंतीपासून बाहेर, असं टेपनं मोजणार, वरचं टोक छताच्या तीन फूट वर आलंय का बघणार. मी वैतागायचो, "आरं, शिडी लावतोस का लग्नाचा मुहूर्त काढतोस?"

तो म्हणायचा, "तू पड, मग दहाव्याचा काढतो."

मार्चमध्ये मस्कतची जागा निघाली. एकच. साहेबांनी भिंतीला शिडी लावून परीक्षा घेतली. मी झपझप वर गेलो आणि पट्ट्याचा हूक शिडीच्याच पायरीला अडकवला. सात वर्षं तसाच अडकवत आलोय. वर पक्का बांधलेला वेगळा दोर असतो, हूक त्याला लाव, असं समर्थ रोज सांगायचा. रोज सांगणाऱ्याचं कोण ऐकतं?

साहेब खालून म्हणाले, "सुनील, शिडी घसरली तर हूक कुठे जाईल?"

"शिडीबरोबर."

"आणि तू?"

मी खाली उतरलो.

मग समर्थचा नंबर. तो म्हणाला, "खाली धरायला माणूस द्या, त्याबिगर मी चढत न्हाई." साहेबांनी विचारलं, कोण पाहिजे? त्यानं माझ्याकडं बोट केलं.

मंडळी, शिडीचा पाय मी त्या दिवशी पहिल्यांदा धरला. त्याचे बूट सावकाश एकेक पायरी वर चालले होते. वरचं टोक बांधायचं होतं, हूक दोरापर्यंत पोचायचा होता. तेवढा वेळ तो निव्वळ माझ्या दोन हातांवर होता. आणि माझ्या मनात आलं, शिडीचा पाय जरासा सरकू द्यावा. फार नाही. साहेबांना दिसेल इतकाच.

मालनकाकू, मी सरकू दिला नाही. पण मनात आलं होतं. आज त्याच्या खांद्यावर शाल पडली, माझ्या आईनं सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली, तेव्हा तेच परत मनात आलं, म्हणून बोलून टाकलं.

तो उतरला आणि म्हणाला, "चांगली धरलीस रे." त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

सात वर्षं हा माझ्या शिडीखाली उभा होता. मी शिव्या घालायचो, मुकादमापुढं त्याची नक्कल करायचो. खाली त्याच्या मनात काय काय येत असेल, हे मी एकदाही विचारलं नाही. हातही कधी ढिला पडला नाही त्याचा.

सोमवारी मी परत साइटवर. खाली नवा माणूस असेल. त्याच्या मनातलं वरून दिसत नाही, हे आता मला ठाऊक आहे. तेव्हा समर्थ, हूक इथून पुढं दोरालाच लावणार. तू सांगितलंस म्हणून नाही.

मला चार शब्द बोलू दिलेत, हा कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाचा आभारी आहे. निरोपाच्या कार्यक्रमात नको ते तोंडून गेलं असेल, तर मालनकाकूंनी आधी माफ करावं. बाकीच्यांनी मग सावकाश.