भिकू तांडेलाचा नंबर

तळेऱ्याच्या स्टँडवर देवगडची गाडी अजून लागली नव्हती. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिच्या वाडीतला, मुंबईत शिकलेला तरुण बोलत होते.

"गुरुदासा, तारली मासळीवरचो तुझो लेख छापान इलो मा? ह्यांचा नाव दाखव माका."

"काकी, लेखात जेची माहिती घेतलंय, थंय त्येचो नंबर येता. नावांची यादी शेवटाक."

"मगे ह्यांचो कितवो?"

"नंबराच्यो दोन पद्धती आसत. एक बाराखडीची. दुसऱ्येत, लेखात पयलो येता त्येका एक. मी दुसरी धरलंय. तारली किनाऱ्याक कधी लागतत, ता माका भिकूकाकांनीच सांगलेला. म्हणान त्येंका एक नंबर दिलंय."

"बरा केलंस."

"पण ता रवला नाय, काकी. संपादकान कळवल्यान, छापलेल्या लेखाकच नंबर. तोंडी सांगलेल्याक नाय."

"मगे आता एक नंबर कोणाक?"

"विलायतेच्या एका सायबाक."

"त्येनी आमचो दर्यो बघलेलो?"

"नाय. बाटलीत ठेवलेली तारली बघलेली. काकांचा नाव खाली बारीक अक्षरात आसा, आभारात."

"असांदे. तू मुंबैक होतंस, तेव्हा तुफानानंतर बंदरावर यादी केलेली. मढी जशी गावली, तसे नंबर घातले. अकरा झाले."

"आणि काका?"

"हे गावलेच नाय, तर नंबर खंयचो?"

गाडी लागली. त्या दोघांपैकी कोणी उठले नाही.

"कागद हडे दी, झिला. माका वाचूक येणा नाय. ती बारीक अक्षरा आसत, थंय माझा बोट ठेव."