बारा मिनिटं

मुलगी : पंधरा मिनिटं आणि वीस सेकंद. काल पाटाचा दरवाजा उघडल्यापासून काडी शेवटच्या शेताच्या तोंडाशी पोचायला तेवढा वेळ लागला, अण्णा. तेव्हा तुम्ही अजून मोठ्या दगडापाशी होतात.

वडील : कसली काडी?

मुलगी : वाळलेल्या गवताची, वीतभर लांब. लाल दोरा बांधून तुमच्या पायाशी पाटात सोडली होती मी.

वडील : मला नाही दिसली.

मुलगी : तेच सांगतेय.

वडील : हे बघ, या पाटावर पस्तीस वर्षं पाणी वाटतोय मी. अकरा घरांचं पाणी. एकानं कधी बोट दाखवलं नाही. आणि तू सुट्टीच्या दिवशी माझ्यामागे घड्याळ घेऊन फिरतेस?

मुलगी : नियम तुमचाच आहे. काडी सोडायची, तिच्या बरोबरीनं चालायचं, ती शेतात शिरली की त्या शेताची बारी सुरू. पाणी वाटेत जेवढा वेळ घेतं, तो कुणाच्या हिश्शातून कापायचा नाही. प्रयोगशाळेत मी हे लोकांना सांगते. माझ्या शाळा सोडलेल्या वडिलांनी शोधलंय, म्हणते.

वडील : सांगतेस?

मुलगी : सांगते. छाती फुगवून सांगते.

वडील : मग आज काय झालं?

मुलगी : मातीचा पाट होता तोवर पाण्याला सत्तावीस मिनिटं लागायची. दोन वर्षांपूर्वी काँक्रीट झालं आणि पाणी धावायला लागलं. तुम्ही मात्र काडी टाकायचंच सोडलंत. नऊशे पावलं मोजता, जुन्याच चालीनं. तुम्ही पोचायच्या आधी बारा मिनिटं तिथं पाणी वाहत असतं.

वडील : खालच्याला थोडं जास्त मिळतं, एवढंच ना? शेवटचं शेत आहे. मिळू दे की.

मुलगी : आणि ते येतं कुठून? सहाला दरवाजा बंद, मग पाणी पुढच्या गावाचं. बाऱ्या खालून वर येतात, त्या सगळ्याच बारा मिनिटं पुढे सरकतात. कात्री लागते ती सगळ्यात शेवटच्या बारीला.

वडील : वरचं शेत.

मुलगी : काकूंचं.

वडील : कधीपासून?

मुलगी : शंभर रविवार झाले, अण्णा. वीस तास पाणी.

वडील : डोळ्यांचं कुणाला बोलली नाहीस ना?

मुलगी : नाही. पण चार वाजता पाटाची सभा आहे. तुमच्यानंतर पाणी कोण वाटणार, त्याचं नाव आजही सांगितलं नाहीत तर दरवाजाला घड्याळाची मोटर बसणार. त्या मोटरला पाण्याची वाट कळत नाही. दरवाजा उघडला की बारी सुरू. म्हणजे खालच्याची पंधरा मिनिटं कायमची गेली. आज वर अन्याय होतोय, उद्या खाली होईल.

वडील : मोटरला भांडणं मिटवता येतात का, विचार त्यांना.

मुलगी : तुम्ही विचारा. दोन वर्षं नाव सांगतो, नाव सांगतो म्हणताय.

वडील : कुणाचं सांगू? पुतण्याला पाट म्हणजे मोटारसायकल धुवायची जागा वाटते. अकरातल्या चार घरांना कुलूप, तिघांची शेती दुसरेच कसतात. उरले कोण? म्हातारे आणि...

मुलगी : आणि?

वडील : कुणीतरी आलंय दारात.

(शेजारच्या काकू चपला काढून आत येतात.)

काकू : काय चाललंय बापलेकीचं? पार रस्त्यापर्यंत आवाज. भावजी, चला, सभेत पुढची जागा धरायचीय मला. मागं बसलं की ती मोटरवाली माणसं आपल्याला टेबल-खुर्चीत मोजतात.

वडील : बसा वहिनी. एक विचारतो, खरं सांगायचं. रविवारी तुम्हाला पाणी कमी पडतं?

काकू : अगं बाई. कोण बोललं?

वडील : पडतं की नाही?

काकू : शेवटचे दोन वाफे राहतात. त्यात काय एवढं! तिथं मी पेरायचंच सोडलं. गुडघे वाचले माझे.

मुलगी : काकू, तुम्हाला कारण माहीत होतं?

काकू : माझं शेत दरवाजाला लागून, गं. भावजी निघतात तिथपासून दिसतात मला. हल्ली ते पाण्याकडं बघतच नाहीत, ओठ हलवत जातात. पहिल्यांदा वाटलं जप करतायत. म्हटलं, या माणसाला आत्ता कुठं देव आठवला!

वडील : दोन वर्षं बघताय. एका शब्दानं सांगावंसं नाही वाटलं?

काकू : कुठल्या तोंडानं सांगू? आमचे हे गेले त्या साली माझ्या सख्ख्या दिरांनी माझी बारी तोडली. तुम्ही पाटात उभे राहिलात, गुडघाभर पाण्यात. म्हणालात, हिची बारी संपेपर्यंत मी हलणार नाही. दोन तास उभे होतात. तुमच्यापुढे बारा मिनिटं काढून भांडू?

वडील : म्हणजे माझी दया आली तुम्हाला.

काकू : दया कसली? मान ठेवला.

वडील : पाटावर मान ठेवायचा नसतो, वहिनी. तेव्हा तुमच्या दिरांचा ठेवला असता तर?

काकू : हो, ते आहे.

वडील : माझ्या डोळ्यांदेखत अन्याय झाला. डोळ्यांदेखत तरी कसं म्हणू!

मुलगी : अण्णा, मुद्दाम नाही केलंत तुम्ही.

वडील : वाफे कोरडे राहिले ते राहिलेच. तू मोजलंस ते बरोबर आहे. पुन्हा मोजून बघितलंस?

मुलगी : तीन रविवार. सगळ्यात जास्त फरक चाळीस सेकंदांचा.

वडील : (हसत) ऐका, वहिनी. चाळीस सेकंद. झोपडीत वाढलेली पोर ही!

काकू : मग हिलाच विचारा की. नाहीतरी बघताय कुणाकडं?

वडील : पाटावर बाई कधी नव्हती.

काकू : काँक्रीट तरी कधी होतं?

मुलगी : मला दोन वर्षांत एकदाही विचारलं नाहीत तुम्ही. रविवारी मला सुट्टीच असते. आणि मी गावातच राहते, हे विसरलात का?

वडील : विसरलो नाही. भीती वाटत होती.

मुलगी : मला जमणार नाही याची?

वडील : तुला जमेल याची. मग मी रविवारी उठून करू काय?

मुलगी : बरोबर चाला. भांडण झालं तर पाटात उभं कोण राहणार? मोजायचं मी शिकलेय, ते अजून नाही शिकले.

काकू : आता रडवू नका गं मला, केस विंचरून आलेय.

वडील : लोक म्हणतील, पोरीला चिकटवलं.

मुलगी : म्हणू देत. तुमचे डोळे आणि बारा मिनिटं, दोन्ही सभेत सांगायची. आधी ते, मग नाव. लपवून दिलेलं काम मी घेणार नाही.

वडील : सगळ्यांपुढे?

मुलगी : सगळ्यांपुढे.

वडील : अगदी माझ्यावर गेलीय कार्टी. चला वहिनी, पण सभेच्या आधी तुम्ही ऐका, पाणी तुमचं गेलंय. मला आता दिसत नाही. पाट मी सोडला. येत्या रविवारपासून पाणी माझी मुलगी वाटेल.